निळ्या बाईची शेजारीण

अप्पांनी माझं पहिलं चित्र नाकारलं. तेही पोहे खायला घालून.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं.

अप्पा म्हणजे मंडईमागचे दातांचे डॉक्टर. पुढे दवाखाना, आत घर आणि दोन्हीकडे भिंतभर चित्रं.

तरुणपणी हे गृहस्थ स्कूटर बुक करायला म्हणून मुंबईला गेले आणि एक निळी बाई घेऊन परत आले. स्वातंत्र्यानंतर जी तरुण मंडळी चित्रात काहीतरी नवं करू बघत होती, त्यातल्या एकाचं चित्र. एकच डोळा, नाकाच्या जागी कोन, बाकी सगळा निळा रंग.

काकू सांगायच्या, "लग्नाच्या पहिल्याच वर्षी सवत आणली यांनी. ती भिंतीवर, आणि आम्ही सायकलवर."

ती लावली पेशंट बसायचे तिथे. दाढ दुखणाऱ्या माणसाला अप्पा विचारायचे, "ही बाई कशी वाटते?" तो बिचारा गाल धरून "उं" करायचा.

"बघा, जाणकार आहे," अप्पा म्हणायचे.

मग त्या काळातली आणखी चित्रं येत गेली. पण एक नियम पक्का होता. जुनं चित्र एकटं टांगायचं नाही. शेजारी आजच्या चित्रकाराचं चित्र हवंच.

का, म्हणून विचारलं तर उत्तर डॉक्टरी. "शेजारचा दात गेला ना, की उरलेला हलायला लागतो."

म्हणून नवीन चित्र आलं की रविवारी सकाळी दाखवण्याचा कार्यक्रम. रीतसर कांदेपोहे! चित्र जुन्याशेजारी ठेवायचं, पोहे संपेपर्यंत सगळ्यांनी बघायचं, मग निकाल.

मी कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडले होते. निळ्या बाईला शोभेल असं, अगदी मॅचिंग निळं चित्र काढून नेलं. वाटलं, जमलंच.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "अगं मृणाल, तिला शेजारीण हवीय. आरसा नकोय."

राग आला होता. पोहे मात्र मी परत वाढून घेतले.

मग काही वर्षं गेलेच नाही. गेले तेव्हा बरोबर फ्लेक्सचे तुकडे शिवून केलेलं चित्र होतं. चौकाचौकांत वाढदिवसाचे बोर्ड लागतात ना, तेच फ्लेक्स. कुणाची मिशी, कुणाचा गॉगल, कुणाचे जोडलेले हात. भडक. ते निळ्या बाईशेजारी ठेवलं आणि मी मागे सरकले.

अप्पा बघत बसले. पोहे पार गार झाले.

"आता बोलतायत दोघी," एवढंच म्हणाले, आणि हातोडी आणायला उठले.

अप्पा गेले आणि कॅनडाहून अनिकेत आला. त्यांचा मुलगा. वाईट नाही तो. आई एकटी, एवढं सगळं कोण सांभाळणार, हा त्याचा घोर खराच होता. जुनी चित्रं मुंबईच्या गॅलरीला द्यायची, नवी ज्याची त्याला परत, असं त्याने ठरवलं.

मला फोन आला. "मृणालताई, तुमचं चित्र घेऊन जाता का?"

मी गेले. चित्र रिक्षात मावेल का याचाच विचार करत गेले, कारण दुसरं काही मनात आणलं असतं तर रस्त्यातच रडले असते.

रविवार होता. काकू स्वयंपाकघरात होत्या. अनिकेतने माझं चित्र उतरवलं. मागे भिंतीचा पांढरा चौकोन उरला.

इतकी वर्षं ती निळी बाई मला दांडगी वाटायची. त्या दिवशी एकदम म्हातारी दिसली.

काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"बघ रे अनिकेत. लागली हलायला."

त्याला कळेना. मग काकूंनी दाताचं सांगितलं.

"अप्पा मला कधी बोलले नाहीत हे."

"अख्ख्या पेठेला सांगायचे. तू रविवारी बॅट घेऊन पळायचास. बस आता. खा आणि बघ."

तो बसला. खाल्लं. बघत राहिला. मग डोळे पुसले, उठला आणि माझं चित्र स्वतःच परत टांगलं. जरा वाकडं लागलंय. कुणी सरळ करत नाही.

एकही चित्र हललं नाही घरातून. रविवारी आता निकाल काकू देतात. अप्पांपेक्षा कडक आहेत. परवाच दोन पोरांना पोहे देऊन घरी पाठवलं.

अप्पा, तुमची खूप आठवण येते.

निळी बाई घट्ट आहे. काळजी करू नका.