सूर्याच्या फेरीतले बारा दिवस

एम.एस्सी.ला मला सूर्याचा किरीट, म्हणजे खग्रास ग्रहणात दिसणारं बाहेरचं तेजोवलय, किती दिवसांत फिरतं ते मोजायचं होतं. उपग्रहाच्या रोजच्या छायाचित्रांवरून चमक मांडायची आणि ती किती दिवसांनी पुन्हा वाढते ते पाहायचं. दोन महिन्यांतल्या बारा दिवसांची छायाचित्रंच नव्हती. पुस्तकात फेरी सत्तावीस दिवसांची होती, म्हणून मी तिथे सत्तावीस दिवस आधीचे आकडे उतरवले. उत्तर सत्तावीसच आलं. सरांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीच्या बाजारात आईला मेथीच्या जुड्या बांधू लागलो. एक जुडी लहान वाटली, म्हणून आत कालच्या चार काड्या घातल्या. आईनं जुडी सोडलीच.

"कालचं पान आजच्यात घालतो व्हय रे?"

"चारच काड्या आहेत, आई. कुणाला कळतंय?"

"लहान राहू दे जुडी. शिळं नाय घालायचं."

मग शेजारच्या भाजीवालीला म्हणाली, "सूर्य मोजतोय ह्यो. मेथी नाय जमत त्याला!"

दोघी हसल्या. मीही हसलो.

दुपारी खरं सांगायला सरांकडे गेलो, तर ते माझ्या अहवालावर सही करत होते. मी गप्प राहिलो. निकालानंतर आईनं बाजारभर पेढे वाटले, तेव्हाही.