फळ्यावरची विहीर

ही गोष्ट लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या, तेव्हा पुस्तकांना लागलेल्या वाळवीवर लिहून दिलं. निलंग्याचं कुणी भेटलं आणि "तो चित्राचा फळा आठवतो का हो?" म्हणालं, की मी त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायचो. त्या फळ्यावरच्या शेवटच्या चित्राबद्दल गावात जे बोललं जातं ते खरं नाही. ते चित्र पेंटरनं काढलेलं नव्हतं. मी काढलं होतं.

लिहायला बसलो ते नातीमुळे. ती लातूरला शिकवणीसाठी आमच्याकडे राहते आणि अभ्यासातून उठली की मोबाइलवर जपानी चित्रकथा वाचते. मांगा म्हणतात त्याला. उजवीकडून डावीकडे वाचायचं. माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते लांबीचं. तिची कथा तिच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. नात आठवीत असताना त्या कथेला जाऊन मिळाली.

"एवढं लांबण कशाला लावतात गं?" मी विचारलं.

"लांबण नाही आजोबा. ही माणसं माझ्या ओळखीची झाली आहेत. कथा संपली की ती जाणार. मग मी कुणाकडे जाऊ?"

तिनं मला एक पान दाखवलं. त्यावर नुसता एक रिकामा जिना होता आणि पायरीवर विसरलेली छत्री. कुणी बोलत नव्हतं. ती त्या पानावर बराच वेळ थांबली. पुढे तिनं सांगितलं की कथा सध्या बंद आहे, चित्रकार आजारी आहे, कधी सुरू होईल कुणालाच ठाऊक नाही.

"मग दुसऱ्या कुणी पुरी करावी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घरातल्या आजारी माणसाची खाट उचलून अंगणात टाकायला निघालो होतो. "असं कसं आजोबा? गोष्ट त्याची आहे. थांबायचं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी निलंग्याला वाचनालयात कारकून होतो. वाचनालयाबाहेर चौकाच्या तोंडाला वार्ताफलक होता, दोन माणसांच्या रुंदीचा काळा फळा. लातूरहून सकाळच्या एसटीनं वर्तमानपत्रं आली की ठळक बातम्या मी खडूनं त्यावर लिहायचो. ज्याला पेपर परवडत नाही तो तिथं उभा राहून वाचायचा, आणि ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याला विचारायचा. फळ्यावर आलं म्हणजे घडलं, अशी त्याची पत होती.

बहात्तरच्या दुष्काळात बातम्या रोज त्याच असायच्या. पाऊस नाही, धान्य आलं, धान्य संपलं. फळ्याची खालची निम्मी बाजू मोकळी राहायची. गावातला पेंटर तेव्हा खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायचा. एरवी तो दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांची साटी, भीमजयंतीच्या कमानी रंगवायचा, पण त्या साली पाटी लावायला दुकानदाराकडे काही नव्हतं. एका संध्याकाळी कामावरून येताना तो फळ्यापाशी थांबला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"भाऊ, खालची जागा रिकामीच हाय की. एक चित्र काढू का?"

त्यानं विहीर काढली. काठावर वाकलेली एक बाई, पाठमोरी. मला म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलं हाय, खाली लिहा." ती बाई विहिरीत विचारत होती: "धनी, कुठवर गेलात?"

दुसऱ्या दिवशी ते पुसून पुढचं. बाईचा नवरा विहीर खोदायला खाली उतरला होता, "पाणी लागलं" असं ओरडला, आणि वर आलाच नाही. पाणी जिकडं गेलं तिकडं तोही गेला. आता ती गावोगाव फिरत होती आणि दिसेल त्या विहिरीत वाकून त्याला हाक मारत होती. आतून त्याचा आवाज यायचा. प्रत्येक विहिरीतून वेगळंच काहीतरी सांगायचा.

ही गोष्ट दहा वर्षं चालली. रोज एक चित्र, आणि सकाळी ते पुसलं जायचं. न आलेल्याचं चित्र हुकलं ते हुकलंच. मग त्याला काल काय झालं ते कुणीतरी सांगायचं, सांगताना चार गोष्टी वाढवायचं, आणि पेंटर त्या वाढवलेल्या गोष्टीही कथेत घ्यायचा. बाजारच्या दिवशी खेड्यांतली माणसं येऊन भांडायची. "देवणीची बारव झाली, आमची कवा येणार? आमच्या आडाला काय पाणी न्हाई का?"

"येईल की मामा," पेंटर म्हणायचा. "बाई चालत येऊन राहिली. तिला काय एसटी हाय?"

बाईचं तोंड त्यानं कधी दाखवलं नाही. कुठल्याही विहिरीवर ती बिनदिक्कत वाकायची. पेंटरच्या आईला त्यातल्या कितीतरी विहिरींच्या काठाखाली घागर धरून, कुणी वरून ओतेल का याची वाट बघत उभं राहावं लागलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. माझ्या घरची विहीर त्यांतलीच.

रोज संध्याकाळी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन एक बाई फळ्यापाशी थांबायची. मोळी न उतरवता बघायची आणि जायची. ती पेंटरची वहिनी. दुष्काळात तिचा नवरा, म्हणजे पेंटरचा थोरला भाऊ, एका टोळीबरोबर हैदराबादकडं रस्त्याच्या कामाला गेला. पाऊस झाल्यावर टोळी परत आली, तो आला नाही. कुणी म्हणालं दुसरीकडं काम धरलं, कुणी काही. पेंटर दोनदा शोधून आला.

एकदा मी त्याला विचारलं, "ही गोष्ट संपवणार कधी?"

"वहिनीला सांगून ठेवलंय," तो खडू झटकत म्हणाला. "खबर लागेल तवाच संपंल. तोवर बाई चालतीय म्हणजे मी शोधून राहिलोय. ती बघती, समजून घेती. रोज रोज तिला 'न्हाई लागली खबर' असं तोंडानं कसं सांगू, भाऊ?"

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. तोवर आमचा तालुका उस्मानाबादेत होता. पेंटर तेव्हा नांदेडला भिंती रंगवायच्या मोठ्या कामावर गेलेला. जाताना म्हणाला, "फळा सांभाळा. खालची बाजू तशीच ठेवा." शेवटचं चित्र त्यानं न पुसता ठेवायला सांगितलं होतं: उन्हात चाललेली बाई, पुढे लांबवर एक रहाट.

जिल्ह्याची बातमी आली त्या दिवशी चौकात पेढे वाटले, हलग्या वाजल्या. मी वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत बातमी लिहिली. वाचनालयाचे अध्यक्ष पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "आज तरी त्या बाईला नवरा भेटू द्या राव. नव्या जिल्ह्यात रडकथा कशाला?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "पेंटर न्हाई म्हणल्यावर कोण काढणार? ह्यांना काय, नुसतं पुसता येतं."

हे मला लागलं. दहा वर्षं रोज सकाळी मी ती चित्रं पुसत होतो, संवाद लिहीत होतो, आणि गावाच्या लेखी मी फडकं होतो. दुपारी चौक पांगल्यावर मी खालची बाजू पुसून खडू घेतला. हात इतका सरावलेला निघाला की माझं मलाच नवल वाटलं. रहाटाची विहीर काढली, काठावर चढून आलेला नवरा काढला, डोक्यावर घागर, ओठांवर हसू. बाईचं तोंड काढलं. कुणाचं तरी काढायचं म्हणून रोज मोळीखाली जे दिसायचं तेच हातातून उतरलं. कोपऱ्यात पेंटर खूण म्हणून पोहरा काढायचा, तोही काढला. खाली लिहिलं: "समाप्त."

माणसं परत जमली, टाळ्या पडल्या; पोहरा बघून सगळ्यांनी धरलं की पेंटरनंच नांदेडहून चित्र धाडलं आणि मी ते उतरवलं. संध्याकाळी वहिनी आली. त्या दिवशी तिनं मोळी खाली उतरवली. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "भाऊ, हे भावजींनी धाडलं का नांदेडहून?"

माझ्या आजूबाजूला माणसं होती. मी हसून मान हलवली. हो की नाही, काहीही समजावं अशी. तिनं हो समजलं.

दुसऱ्या दिवसापासून ती एसटी स्टँडवर जाऊन बसू लागली. ठेवणीतलं लुगडं, नव्या बांगड्या. पेंटर नांदेडला कशासाठी गेला याचा तिनं आपल्या मनाशी नवा अर्थ लावला होता. कामाचं निमित्त, खरं तर खबर लागली म्हणून गेला, आता दोघं भाऊ मिळूनच उतरणार. नांदेडची गाडी आली की ती उठायची, शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराशी उभी राहायची आणि परत बसायची. लोक मला येऊन सांगायचे. मी वाचनालयाच्या खिडक्या लावून घ्यायचो. तिच्याकडे गेलो नाही. चित्र मात्र पुसलं, पण ओल्या फडक्यानं पुसलेला फळा वाळला की जुन्या रेघा वर येतात. ते तोंड तिथंच होतं, फिकट.

पेंटरला निरोप मीच पाठवला, एका कंडक्टरकरवी. तो आला त्या दिवशी मी स्टँडवर होतो. तो एकटा उतरला, हातात रंगाचे डबे. वहिनी त्याच्या मागं गाडीच्या दाराकडं बघत राहिली. दार बंद झालं.

"ते कुठं हायत, भावजी?"

त्यानं तिच्या बांगड्या पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. मी गाडीच्या पाटीकडं बघत होतो.

"तुम्ही तर गोष्ट संपिवली. तुमीच काढलं न्हवं?"

क्षणभर मला वाटलं आता तो माझं नाव घेईल. घ्यावं असंही वाटलं.

"हाव वहिनी," तो म्हणाला. "मीच काढलं. खोटं काढलं. चुकलं माझं."

त्याच्या हातातला एक डबा तिनं घेतला आणि दोघं चालू लागले, ती पुढं, तो मागं.

संध्याकाळी तो वाचनालयात आला, आत न येता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "घरच्यानं खोटं काढलं तर घरातली गोष्ट ऱ्हाती, भाऊ. परक्यानं गंमत म्हणून काढलं असं कळलं, तर तिचं काय ऱ्हातं? दहा साल रस्त्यात उभी ऱ्हायली, त्याचा तमाशा व्हईल. तवा तुम्ही गप ऱ्हावा."

त्यानं सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. सोयीचं होतं ते.

फळ्याला त्यानं पुन्हा हात लावला नाही. तो आणि त्याच्या घरचे सगळे कायमचे नांदेडला गेले. गावात बोललं जाऊ लागलं की पेंटरनं टाळ्यांच्या लोभानं सख्ख्या वहिनीला फसवलं. मी ते ऐकत बातम्या लिहीत राहिलो. खालची बाजू रिकामी ठेवायचो, आणि पावसाळी हवेत त्या काळ्या जागेवर बाईची पाठ उमटलेली दिसायची. पुढे फळा गेला. तरी कुठंही, शाळेत, बँकेत, शिकवणीच्या वर्गात पुसलेला फळा दिसला की मी आधी खालच्या बाजूला बघतो.

एकदा पत्नीबरोबर माहूरला जाताना नांदेडला उतरलो होतो, पण पेंटरच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो. तो वारल्याचं कळलं, तेव्हा गेलो. दारात वहिनी होत्या, पार म्हाताऱ्या. मला ओळखलं. चहा केला. भिंतीवर बाबासाहेबांचं त्यानं रंगवलेलं चित्र होतं.

"तुमचा दोस्त लई चांगला माणूस व्हता, भाऊ," त्या म्हणाल्या. "मरस्तोवर मला आईवाणी सांभाळलं. एकच डाव खोटेपणा केला माझ्याशी, ते चित्र. का केलं आसंल हो? मी कधी विचारलं न्हाई. त्याचंच मन खात आसंल म्हणून न्हाई विचारलं. तुम्हाला काही बोलला व्हता का?"

लातूरपासून गाडीत मी एक वाक्य जुळवत आलो होतो. ते तोंडापर्यंत आलं. मी चहा पिऊन घेतला. म्हणालो, "नाही वहिनी. मला काही बोलला नाही."

वर्षभरात त्याही गेल्या. गाडीत जुळवलेलं वाक्य असं होतं: वहिनी, ते चित्र तुमच्या दिरानं काढलं नव्हतं, मी काढलं होतं, त्यानं तुम्हाला कधीच फसवलं नाही, स्टँडवर तो खोटं बोलला ते तुमची लाज राखायला, आणि मी शेजारी उभा राहून त्याला बोलू दिलं, मला माफ करा.