दर प्रॅक्टिकलले मीच क्लाएंट

“तू रड. तू रडलीस की खरं वाटतं.” समुपदेशनाच्या प्रॅक्टिकलले मॅडम मले असं म्हनल्या. वर्ग हसला.

बीएचं तिसरं वर्ष. दुसरबीडहून एसटीनं देऊळगाव राजाले कॉलेजात येते. प्रॅक्टिकलले एक जन समुपदेशक होते, एक जन क्लाएंट. समुपदेशक म्हंजे डॉक्टरची पोरगी, नाहीतर वकिलाचं पोरगं. क्लाएंट मी. दारुड्याची बायको मी, टाकलेली सून मी. एकदा मॅडमले इचारलं, मले काऊन नाही करू देत समुपदेशक? “तुझी भाषा ऐकून कोण मन मोकळं करेल?” मी परत क्लाएंटच्या खुर्चीत बसली. मार्क त्याइच्याच हातात. पन लय थकली, दुसऱ्याचं रडून रडून.

मंग त्या दिवशी मॅडमनं मले करायले नवी केस सांगतली. आई गावच्या नाल्या काढते. शाळेत पोरीजवळ कोनी बसत नाही, नाकाले रुमाल लावते. पोरगी घासून घासून आंघोळ करते, तरी तिले सोताचाच वास येते.

ते पोरगी मीच. पहिल्या वर्षी स्टाफरूमचं दार लावून मी हे मॅडमले सांगतलं होतं. तोवर कोनालेच सांगतलं नव्हतं, मायले बी नाही. आन क्लाएंटचं बोलनं खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे ह्याच मॅडमनं शिकवलं.

डॉक्टरची पोरगी पुढं झुकली. गोड आवाजात म्हनली, “तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?”

कसं वाटन? मी उठली.

“मॅडम, हे मी तुमाले इश्वासानं सांगतलं होतं.”

झालं. साऱ्या वर्गाले समजलं, केस कोनाची ते.

“नाव सांगितलंय का मी? बस खाली. मार्क हवेत ना?”

“ठेवा तुमचे मार्क. माह्या मायवर मी तुमाले रडून दाखवनार नाही.”

बॅग उचलून बाहेर आली. एसटीत खिडकीले डोकं टेकवून बसली. घरी मायले पहिल्यांदा सारं सांगतलं. तिनं इचारलं, “कॉलेज सोडतं का आता?”

“नाही.”

उद्या प्राचार्याकडे तक्रार देऊन राह्यली. नापास केलं तर पुन्हा परीक्षेले बसीन, पन डिग्री घेतल्याबगर हटनार नाही. तक्रारीत माहं पूर्न नाव टाकीन. माही माय नाल्या काढते, हे बी लिहीन. आता हे लपवनार नाही आन कोनाले वापरू बी देनार नाही.