पाचवी सवाष्ण

धारवाडची माणसं हुबळीला नावं ठेवतात आणि संधी मिळाली की हुबळीलाच पळतात. आमच्या गावात शाळा, कचेऱ्या, वकील आणि आंब्याची झाडं. दिवेलागणीनंतर कुत्रंसुद्धा बेतानं भुंकायचं. हुबळीत गिरण्यांचे भोंगे, विजेचे दिवे, नाटकांचे तंबू आणि रस्त्यावर मिळणारं चुरमुऱ्यांचं गिरमिट. मी दहाएक वर्षांची असेन. नाताळच्या सुट्टीत आई मला घेऊन चार दिवस हुबळीला निघाली. संसारातून सुटून अशी नुसती हिंडायला गेलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही.

सुट्टी वडिलांनाही होती. पण साडूच्या घरी पाहुणा म्हणून बसणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून ते घरीच राहिले. आईचे वडील आमच्या शेजारच्याच गल्लीत राहायचे. त्यांना आम्ही सगळेच अप्पा म्हणायचो. दिवाळीपासून ते दम्यानं अंथरुणाला खिळले होते. घरात आजी होती, मामा होता, पण काढे, शेक, उशाशी बसणं हे सगळं आईकडेच. आमचं घर आवरायचं आणि तिकडं धावायचं. आईची थोरली बहीण, माझी मावशी, हुबळीत दिली होती. ती दोन महिन्यांत एकदाही फिरकली नाही. ‘आल्याचा रस देऊन बघ की’ असे निरोप तेवढे पाठवायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. नाताळात अप्पांना उतार पडला, उठून बसू लागले, तेव्हा तेच आईला म्हणाले, “जाऊन ये की हुबळीला. चार दिवस माझं तोंड बघू नको. मलाही तुझ्या काढ्यातनं सुटका.”

जायला निमित्तही होतं. मावशीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. त्यासाठी तिच्या सासूनं देवीला नवस बोलला होता: पाच सवाष्णी जेवू घालीन, आणि पाचवी सुनेच्या माहेरची असेल. नवस तसाच राहिला होता आणि पोर सारखं तापायचं. सासूबाईंचं म्हणणं, देवी आठवण करून देते आहे. तेव्हा आईवाचून अडलं होतं. एरवी त्या घरात तिला कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

गुरुवारी आम्ही पोचलो. मावशीचं घर दाजीबानपेठेत, खाली कापडाचं दुकान आणि वर माणसं. संध्याकाळी आई मला घेऊन पेठेत निघाली. कासाराशी तिनं कानडीत अशी काही घासाघीस केली की तो हात जोडून म्हणाला, “साकु अव्वा, सोतिनि,” म्हणजे पुरे बाई, हरलो. मग हिरवा चुडा भरून घेतला. आम्ही गोटीचा सोडा घेतला. बाटली फुटल्यासारखी उडाली आणि आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. शनिवारी नाटकाला जायचं ठरलं. घरी मान खाली घालून वावरणारी हीच का ती, असं मला वाटून गेलं. मला फार आनंद झाला होता, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढं सांगण्यासारखं आनंदाचं काही नाही.

शुक्रवारी सकाळपासून सोवळ्यातला स्वयंपाक. पुरण शिजत होतं. मावशी चुलीपाशी, आणि आई माजघरात पत्रावळी पुसत बसलेली. थोड्या वेळानं सासूबाई घाईघाईनं आत आल्या आणि “आटपा, पानं लवकर मांडायची,” म्हणाल्या. अशा घरात दोन वाजल्याशिवाय जेवण मिळत नाही, तेव्हा मला बरंच वाटलं. पाच जणी बसल्या. वाढायला मावशीच होती. तिचे डोळे लाल होते, पण चुलीपुढं कुणाचे नसतात? आईला ती सारखा आग्रह करत होती. आई नको नको म्हणत असताना तिनं तिसरी पोळी पानात टाकली आणि वर तुपाची धार सोडली. “खा ग,” म्हणाली, “खाऊन घे.” मग ओट्या भरल्या, विडे झाले. आईचे ओठ लालचुटुक रंगले. चारही सवाष्णी घरी गेल्या. देवीसमोरचं ताट हललं. मग सासूबाईंनी आईला मागल्या सोप्यात बोलावलं आणि म्हणाल्या, “तुमचे अप्पा पहाटे गेले. देवीचं पार पडेपर्यंत सांगता येत नव्हतं. आता डोक्यावरनं पाणी घ्या.”

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं तीन दिवसांचं सुतक, पण ते लागतं बातमी ऐकल्यापासून. जोवर ऐकलं नाही तोवर ती शुद्ध. पानावर बसेल, ओटी घेईल. म्हणून आमच्याकडे शहाणी माणसं बातमी दारात अडवतात आणि कार्य उरकून घेतात. कळलं नाही तोवर कुणी मेलेलंच नसतं. असल्या शहाणपणाला मी काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

आईनं नुसतं विचारलं, “ठेवलेत का त्यांना? बघायला मिळतील का?” विहिरीवर तिनं पाणी ओतून घेतलं, गजरा काढून फेकला, आणि ओल्या केसांनी आम्ही स्टेशनवर गेलो. मावशीचे यजमान पुरुषांच्या डब्यात बसले. आम्ही तिघी तान्ह्या मुलासह बायकांच्या डब्यात. गाडी हलली तशी मावशी रडायला लागली आणि बोलून गेली. वडिलांच्या कचेरीतला शिपाई सकाळच्या गाडीनं निरोप घेऊन आला होता. त्याला पुढं गदगच्या नातेवाइकांकडं जायचं होतं. दारातूनच त्यानं सांगितलं, “रायरु तीरिकोंडरु.” म्हणजे राय, आमचे अप्पा, वारले. दुपारच्या गाडीपर्यंत मुलींची वाट बघतो, असं मामानं कळवलं होतं. मावशी तेवढ्यात चुलीपासून उठून बोळात पाणी भरायला आली होती. तिनं सगळं ऐकलं.

“सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, तू काही ऐकलं नाहीस. कळलं?” मावशी म्हणाली. “मी काय करू ग? नवस मोडून पोराला काही झालं असतं तर?”

म्हणजे शास्त्राच्या हिशेबानंही सुतक मावशीला सकाळीच लागलं होतं, आणि तिच्याच हातचं पुरण देवीनं खाल्लं. सासूबाईंना वाटलं, देवीचे कानही आपणच बंद केले. आई खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं मावशीच्या मांडीवरचं पोर आपल्याकडं घेतलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मामा डोक्यावरनं पंचा घेऊन दारातच उभा होता. “दुपारची गाडी येऊन गेली, तरी थांबलो,” तो म्हणाला. “गुरुजी घाई करायला लागले. शिपाई पोचला नाही काय?”

मावशीनं मान खाली घातली. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. मी बोलणार तेवढ्यात आईनं माझा दंड असा आवळला की नव्या बांगडीची कड रुतली.

“पोचला होता,” आई म्हणाली. “मीच म्हटलं, पानं मांडलीत, जेवून निघू.”

मोठी झाल्यावर मी तिच्याशी यावरून भांडले. ती म्हणाली, “अक्काचं सासर कसलं ते तू बघितलंस की. माहेरचं दार तरी उघडं राहू दे तिला. मी काय, गावातच आहे.” मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. मावशी पुढं कितीतरी वेळा माहेरपणाला आली, लाडू बांधून घेऊन गेली, आणि तिनं ही गोष्ट आजीला कधी सांगितली नाही.

त्या संध्याकाळी आजी दाराजवळच्याच कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती, आमचं बोलणं तिनं ऐकलं होतं. कपाळ पुसलेलं. अप्पांना ठेवलं होतं त्या जागी पीठ पसरून दिवा लावला होता. मावशी जाऊन आजीच्या गळ्यात पडली, आजीनं तिला आणि पोराला कवटाळलं. आईही पुढं झाली. आजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं, पाण्यानंही न गेलेल्या त्या लाल ओठांकडं बघितलं, आणि म्हणाली, “तू जेवून आलीस ना? मग तिकडं बस.”

आई तिकडं जाऊन बसली.