बर्मा, मुक्काम चारकोप

बर्मा नावाचा देश जगाच्या पाठीवर अजून कुठे टिकून असेल, तर तो चारकोपला, आमच्या समोरच्या काकांच्या तोंडी. सुतारकामाशी त्यांचा संबंध घरातल्या एका जुन्या बर्मा सागवानी खुर्चीपुरता. पण तेवढ्या बळावर ते कुणाच्याही घरी गेले की आधी दार, मग टेबल, मग शोकेस बोटांनी ठोकतात, कान देऊन ऐकतात आणि निकाल देतात, "प्लाय!" हळूहळू हा निकाल लाकडापुरता राहिला नाही. गोड निघालेलं कलिंगड बर्मा, सांगितल्या वेळी येणारा प्लंबर बर्मा. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र प्लाय, तेही आतून वाळवी लागलेलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं सांगायची मला जरा घाई असते. एकदा चाचरत म्हटलं, "काका, त्या देशाला आता म्यानमार म्हणतात." काका दयेने बघत म्हणाले, "म्हणू दे गो. म्यानमारची खुर्ची बघितलीस कधी?" बघितली नव्हती.

त्यांच्या मुलीला, सुप्रियाताईला, ऑफिसातला एक नाहूरचा मुलगा आवडला, तेव्हा मात्र आम्हाला हसू येईना. ताई म्हणाली, लग्न करीन तर याच्याशीच. काका म्हणाले, घर बघून ठरवू. घर बघणं म्हणजे काय, ते आम्हाला चांगलंच माहीत होतं. "तू चल ना यार सोबत, बाबांचे हात आवर," ताईने विनवलं. पण चहा येईपर्यंत काकांचं दार, टीपॉय आणि सोफ्याचा हात ठोकून झालं होतं. मुलाची आई गोंधळून म्हणाली, "ढेकूण नाहीत हो आमच्याकडे." ताईचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "काका, सगळं प्लायच आहे. देव्हारासुद्धा. उगाच बोटं दुखतील तुमची." काकांनी हात मागे घेतला, चहा संपवला आणि निकाल न देताच निरोप घेतला. खाली उतरल्यावर ताईच्याने राहवेना.

"बाबा, काय ते बोला ना एकदाचं!"

"देव्हारासुद्धा म्हणाला," काका म्हणाले. "वरून पॉलिश नाय मारलान. पोरगा बर्मा आहे."

ताई तिथेच, भर रस्त्यात रडायला लागली.

लग्नाला आता वर्ष होत आलं. काकांचं ठोकणं कमी झालंय. परवा जिन्यात भेटले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काका, जावई अगदी बर्मा निघाला हां तुमचा."

"तो चांगलाच आहे," ते म्हणाले. मग किल्ली शोधत, माझ्याकडे न बघता, "बर्मा होती, ती नाहूरला गेली."

ताईला हे त्यांनी कधी म्हटलं असेल असं वाटत नाही. संध्याकाळी तिला फोन लावला आणि रिंग जायच्या आत ठेवून दिला. हे माझ्या तोंडून तिला कळण्यात काही अर्थ नव्हता.