खालांनी त्या कैद्याला दगा दिला नव्हता

मंडळी, आज सकाळी आत्याला घेऊन जुन्या भोपाळातल्या एका कोठीत गेले होते. छप्पन्न साली मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली तेव्हा आजोबांची नागपूरहून बदली झाली आणि क्वार्टर मिळेपर्यंत आमची माणसं तिथं भाड्यानं राहिली.

त्या कोठीची गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात भोपाळजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून पळालेला एक इटालियन कैदी तिच्या तळघरात लपला आणि मालकीणबाईंनी, म्हणजे खालांनी, त्याला पकडून दिलं.

खालांची नात नाझनीन चहा देताना स्वतःच म्हणाली, "लोग आज भी कहते हैं, आसरा देकर दगा किया."

आत्यानं कप खाली ठेवला. "झूठ है. खाला तो उसे खाना देती थीं. सिपाही घर-घर तलाशी लेने लगे, तो वो खुद बाहर चला गया, कि खाला पर आँच न आए."

"आपको किसने बताया?"

"खाला ने."

"हमें तो कभी नहीं बताया!"

"तुम लोगों ने पूछा नहीं होगा, बेटा. मैं छोटी थी, सीधे पूछ लिया."

नाझनीननं आत्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

तुमच्याही घरात एखाद्या माणसाबद्दल अशी कुजबुज असेल. त्या माणसाला कधी कुणी विचारलंय का?