नाय ना, काका

"नाइन! ती त्याला नाइन म्हणाली! मी माझ्या कानांनी ऐकलंय!"

रूलेटच्या टेबलावरची एक गोरी बाई माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होती. चेंडू नुकताच नऊच्या खणात पडला होता. नऊ, लाल. जिंकलेल्या आकड्यावर आम्ही एक छोटी खुंटी ठेवतो, तिला डॉली म्हणतात. माझा हात अजून त्या डॉलीवरच होता. बाईचं बोट माझ्यावरून सरकलं आणि समोर बसलेल्या कर्णिक काकांवर जाऊन थांबलं.

मी कॅसिनोत डीलर होते. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. राहायला इंग्लंडात मिल्टन कीन्सला आई-बाबांकडे, आणि नोकरी शेजारच्या गावात. बाबा हॉस्पिटलात डॉक्टर. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, माझे ग्रेड्स घसरले, मेडिसिन हुकलं, आणि जाहिरात बघून मी क्रुपियेच्या, म्हणजे डीलरच्याच, ट्रेनिंगला गेले. आकडेमोड पहिल्यापासून चांगली होती. आई मात्र तिथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगायची, "आमची वर्षा फायनान्समध्ये आहे." तसं बघितलं तर खोटं नव्हतं. पण मला लाज वाटायची, आणि आईला माझ्याहून जास्त.

कर्णिक काका बाबांचे मित्र. त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. गणपतीत आरती तेच म्हणणार, असा मंडळाचा रिवाज होता. त्या मंगळवारी दुपारी ते हातात चिप्स घेऊन माझ्या टेबलाशी आले, वर बघितलं, आणि दोघंही जागच्या जागी थिजलो. त्या काळी कॅसिनोचं मेंबर झाल्यावर लगेच खेळता येत नसे, मध्ये दोन दिवस जावे लागत. माणसाने शांतपणे विचार करावा म्हणून तो कायदा. काकांचा तो विचार करून झाला होता, आणि तरी ते आले होते.

ओळखीचं माणूस टेबलावर आलं तर डीलरने इन्स्पेक्टरला सांगायचं आणि दुसऱ्या टेबलावर जायचं, असा आमचा नियम. इन्स्पेक्टर म्हणजे उंच खुर्चीवर बसून टेबलांवर नजर ठेवणारा. मी सांगितलं नाही. काय सांगणार? "हे आमच्या घरी जेवायला येतात" म्हणून? मी खाली मान घालून चाक फिरवलं. काका खाली मान घालून खेळायला लागले.

ते लालवर लावत होते आणि काळा येत होता. हरले की दुप्पट, परत हरले की त्याच्या दुप्पट. आता रिटायर झाल्यावर लोक मला हमखास हेच विचारतात: दुप्पट करत गेलं तर कधीतरी जिंकणारच ना? अहो, हरण्याची रांग लांबली की दुप्पट करत करत खिसा तरी संपतो, नाहीतर टेबलाचा मॅक्सिमम तरी येतो, त्याच्यापुढे लावताच येत नाही. आणि आकडे सदतीस असतात. अठरा लाल, अठरा काळे, आणि एक हिरवा शून्य. एका आकड्यावर जिंकलात तर पस्तीस पट मिळतात. मधल्या फरकावर कॅसिनोची दिवाळी होते.

काका मॅक्सिममच्या जवळ आले होते. कपाळावर घाम. त्यांनी लालवर मोठा ढीग ठेवला. मी चेंडू सोडला. आणि इतका वेळ मला न ओळखणारे काका एकदम मराठीत म्हणाले, "अगं वर्षा, इतक्या वेळा काळा आला. आता तरी लाल यायलाच हवा, हो ना?"

टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं आणि खेळाबद्दल सल्ला तर मुळीच द्यायचा नाही, हे दोन्ही नियम मला झोपेतही पाठ होते. पण समोर काका. ऑपरेशनच्या आधी पेशंटला रिस्क समजावून सांगणारा माणूस, आणि माझ्याकडे एखाद्या पेशंटसारखाच बघत होता. मला गलबलून आलं.

"नाय ना, काका," मी पुटपुटले. असं काही नसतं, चेंडूला मागचं काही आठवत नाही, एवढं सगळं सांगायचं होतं. तोंडातून तेवढंच निघालं. काकांनी घाईघाईने चिप्स उचलल्या. मी "नो मोअर बेट्स" म्हटलं. चेंडू दोनदा उडाला आणि नऊच्या खणात जाऊन बसला.

नाय ना. नाइन. बोला आता!

खेळ थांबला. मी दोन्ही तळवे उघडून दाखवले. टेबल सोडताना हातात काही नाही हे कॅमेऱ्याला दाखवावं लागतं. मग मला मॅनेजरच्या ऑफिसात नेलं. मॅनेजर मिस्टर हॅलम, शांत माणूस, आणि त्याच्या शांतपणाचीच आम्हाला भीती.

"काय म्हणालीस त्याला?"

"नो म्हणाले. माझ्या भाषेत. कानाला नाइनसारखं लागतं."

"आणि आला नाइनच. व्हॉट आर द ऑड्स?"

"सदतीसात एक, सर. दुसरा कुठला आकडा आला असता तरी तेवढेच."

तो हसला नाही. खेळाडूला सामील असलेल्या डीलरची नोकरी तर जातेच, सर्टिफिकेटही जातं, मग देशातल्या कुठल्याच कॅसिनोत काम मिळत नाही. आणि बाबांना कळतं ते वेगळंच. "तेच सांगतील," मी म्हटलं. "त्यांना विचारा. ते मला लहानपणापासून ओळखतात."

काकांना आत आणलं. हॅलमने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही या मुलीला ओळखता?"

काका कार्पेटकडे बघत होते. "नाही. कधीच बघितलेलं नाही."

"तिच्याशी काही बोललात?"

"एक शब्दही नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बारशाच्या फोटोत या माणसाने मला मांडीवर घेतलंय! रागच यायला हवा होता. पण लाजच वाटली, त्यांचीही आणि माझीही. कारण त्यांची जीभ कशाने अडकली ते मला चांगलं ठाऊक होतं. तसलंच कुलूप लावून तर मी टेबलावर गप्प बसले होते.

आता वाचवायला कोणी नव्हतं. म्हटलं, बाई गं, निदान डोकं तरी चालव. "सर, टेप लावा. आवाज नसला तरी चालेल. फक्त यांचे हात बघा."

टेप लागली. लालवर ढीग. काका मान वर करतात. माझे ओठ हलतात. काका ढीग उचलतात.

"नऊ येणार हे मी सांगितलं असतं तर यांनी नऊवर लावलं असतं," मी म्हटलं. "ते राहू दे. नऊ लाल आहे, सर. नऊ येणार हे माहीत असलेला माणूस लालवरून चिप्स काढेल का?"

हॅलमने टेप मागे नेऊन परत बघितली. मग म्हणाला, "फेअर इनफ." मला दोन रिटन वॉर्निंग मिळाल्या, एक दुसऱ्या भाषेत बोलल्याबद्दल आणि एक ओळख लपवल्याबद्दल. नोकरी वाचली. दारातून बाहेर पडताना काका माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "बाबांना सांगू नकोस गं."

"व्हॉट डिड ही से?" हॅलमने विचारलं.

"सॉरी म्हणाले," मी म्हटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गणपती आले. मंडळाने नेहमीप्रमाणे शाळेचा हॉल घेतला होता. मी किचनमध्ये प्रसादाच्या प्लेट्स भरत होते, तर कर्णिक काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वर्षा, मंडळातल्या नलूच्या मिस्टरांना त्या मंगळवारी यांची गाडी तुझ्या ऑफिसच्या गावात दिसली. हे तर म्हणतात हॉस्पिटलात होतो. तुला कधी दिसले का गं तिकडे? खरं सांग हं."

खिडकीतून हॉल दिसत होता. काका हातात निरांजन घेऊन उभे होते. आरती थांबली होती आणि ते आमच्याकडेच बघत होते. शेजारी बाबा टाळ धरून.

"नाय ना, काकू."

"तेच म्हटलं! त्या मेल्याला सगळ्याच गाड्या सारख्या दिसतात." काकू हसल्या, आणि माझ्या प्लेटमध्ये आणखी एक मोदक ठेवून गेल्या. टेबलावर मी खरं तेच बोलले होते, ते पटवायला टेप लावावी लागली. हे मात्र लगेच पटलं.

काका आमच्या कॅसिनोत परत आले नाहीत. दुसरीकडे जात राहिले. काकूंना कळलं ते घरापुढे फॉर सेलची पाटी लागायची वेळ आली तेव्हा. काकांनी तेव्हा माझ्या टेबलाचंही सांगून टाकलं असावं, कारण त्या संध्याकाळी काकूंनी मला फोन केला. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

मला नाय ना म्हणता आलं नाही. होही म्हणता आलं नाही. त्यांनीच फोन ठेवला.

ऑड्सबद्दल कोणी विचारलं की मी अजूनही सगळं नीट समजावून सांगते, कंटाळा करत नाही. डीलरला टेबलावर बोलायची बंदी असते. किचनमध्ये मला कोणीही बंदी केलेली नव्हती.